रणातली खंडेनवमी

आमच्या अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, राग आला की तो अटी घालतो. लहानपणी मला म्हणायचा, "त्या झाडाच्या शेंड्यावरची चिंच काढून आण, मग तुला सायकल शिकवतो." मी चिंच काढली नाही आणि सायकल आजतागायत शिकले नाही. त्याच्या मुलीला मात्र अटी खऱ्या मानायची वाईट खोड आहे. त्या खोडीपायी मी, ठकुबाई, टेलिफोन एक्स्चेंजमधून सुखानं निवृत्त झालेली बाई, ब्याण्णव सालच्या नवरात्रात एका जीपच्या मागच्या बाकावर बसून बेंगळुराहून थेट कच्छला गेले. पाठीला मणके असतात हे पुस्तकात वाचलं होतं, ते तेव्हा एकेक करून कळले.

झालं असं. यशवंतपूरला बाजाराच्या मागच्या गल्लीत अण्णाचं गॅरेज. त्याला सगळी गल्ली आप्पाजी म्हणते, त्याची मुलगी प्रतिमासुद्धा. फौजेत गाड्या दुरुस्त करून तो घरी आला आणि त्यानं हे गॅरेज काढलं. प्रतिमा तिथंच वाढली. शाळेतून आली की दप्तर कोपऱ्यात आणि ही गाडीखाली. माझी वहिनी बिचारी तिच्या नखांतलं काळं काढता काढता गेली. पुढं अण्णाचे गुडघे धरले, तेव्हापासून सगळं काम प्रतिमाच करायची. गिऱ्हाईक किल्ली स्टुलावर बसलेल्या आप्पाजीच्या हातात देई, आप्पाजी ती गाडीखाली सरकवी, आणि गाडी नीट होऊन बाहेर आली की शाबासकी पुन्हा आप्पाजीला. करून गेला गाव आणि भलत्याचंच नाव, हे डोळ्यांदेखत चाललं होतं.

त्या वर्षी अण्णानं ठरवलं की गॅरेज बंद. बाजारातला एक कांद्याचा व्यापारी गोदामासाठी जागा मागत होता. प्रतिमानं हे ऐकलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

"का म्हणून बंद?"

"बाईच्या हातात कोण गाडी देणार गं? मी स्टुलावर हाय म्हणून येतात. मी नसलो की गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकणार नाही."

"मी बांधलेली जीप बघितली का नीट?" तिनं फौजेच्या लिलावातला एक सांगाडा आणून, दोन वर्षं खपून, त्याची जीप उभी केली होती. चारी चाकं ओढणारी, पोपटी रंगाची.

"दारात उभी करून काय बघायचं तिला?" अण्णा तडकला. "पेपरात आलंय, यंदा कच्छच्या रणात पाणी भरलंय. घेऊन जा तिथं. पासष्ट साली त्या खाऱ्या चिखलानं आमच्या फौजेच्या गाड्या गिळल्या, मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. ते भरलेलं पाणी बघून तुझी जीप माघारी येऊ दे, किल्ली तुझी. नाहीतर कांदा!"

"सरी," प्रतिमा म्हणाली.

बेंगळुरात 'सरी', म्हणजे 'बरं', दिवसातून शंभरदा कानावर पडतं. भाजीवाली म्हणते, रिक्षावाला म्हणतो, कुणी मनावर घेत नाही. पण प्रतिमाची 'सरी' वेगळी. ती एकदा निघाली की परत येत नाही. अण्णाच्याही ते लक्षात आलं, पण बोललेलं गिळायचं म्हणजे त्याच्या मिशांना कमीपणा. मग त्यानं आणखी एक अट घातली: तो बघायला बरोबर येणार, पण स्टीअरिंगला, पान्याला, कशाला म्हणून हात लावणार नाही.

मला कुणी बोलावलं नव्हतं. मीच चिवडा, चटणीपुडी आणि पूजेची पिशवी भरली आणि जाऊन बसले. म्हटलं, वाटेत खंडेनवमी येते, तेव्हा ह्या दोघांच्या भांडणात देवाकडं कोण बघणार? आणि खरं सांगते, मी प्रतिमाच्या बाजूची होते. कांद्याचा वास मला सोसत नाही, आणि त्या पोरीचं पडलेलं तोंड त्याहून सोसत नाही.

वाटेचं पुराण सांगत नाही. हुबळी, पुणे, बडोदा असं करत आम्ही गेलो. दोनदा चाक बसलं, एकदा पाण्याची नळी फुटली. अण्णा प्रत्येक वेळी रस्त्याकडेच्या दगडावर बसून आकाशाकडं बघायचा, आणि हाताची बोटं मात्र आपोआप पाना फिरवल्यासारखी फिरायची. मी म्हणाले, "अण्णा, खाज सुटलीय का?" तर माझ्याशी अर्धा दिवस बोलला नाही. प्रतिमा काम आटोपून हात पुसायची आणि म्हणायची, "बसा, आप्पाजी." बस, इतकंच.

भुजला परवाना काढला आणि मानसिंग नावाचा वाटाड्या घेतला. रणाच्या काठावरच्या गावातला, पन्नाशीचा, पागोटं बांधलेला माणूस. माझ्या शेजारी बाकावर बसून तो रस्ता दाखवायचा आणि माझा चिवडा खायचा. त्याच्या घरी मुक्काम करून नवमीच्या सकाळी आम्ही रणात उतरलो.

आता रण म्हणजे काय ते सांगते, कारण मला वाटलं होतं वाळूच्या टेकड्या असतील. तसलं काही नाही. आधी काटेरी झुडपं, मग करडी भेगाळलेली जमीन, मग हळूहळू सगळं पांढरं. जमिनीवर मिठाचा पापड धरलेला आणि पापडाखाली काळा चिखल. लांब, जिथं जमीन संपून आकाश लागतं, तिथं एक चकचकीत रेघ दिसत होती.

"पानी," मानसिंग म्हणाला. "पर गाडी रुकनी नहीं चाहिए, बहनजी. चलती रहे तो चलेगी."

"माहितीय," प्रतिमा म्हणाली. तिनं इंजिनाचा जोर चारी चाकांना लावला होता. एका लयीत जीप पळत होती, मागं आमच्या चाकांच्या दोन काळ्या रेघा उमटत होत्या. रेघेचं पाणी झालं. मग पाण्याचं पसरट सरोवर झालं, पार नजरेच्या टोकापर्यंत. त्याच्या मध्यावर काहीतरी गुलाबी हलत होतं. पोरीनं आणलं की आम्हांला!

आणि तेवढ्यात आमचा अण्णा घड्याळ बघून म्हणाला, "थांबव."

"इथं नको, आप्पाजी."

"राहूकाळ लागतोय. तो लागायच्या आत आयुधपूजा झाली पाहिजे. एक वरीस चुकवली नाही मी, फौजेतसुद्धा. गाडी पाण्याकडं तोंड करून उभी कर."

"पुढं कडक जमीन लागेल, तिथं करू."

"बाप हाय का कोण हाय मी तुझा?"

आता जगात कुणी शहाणा माणूस मिठाच्या पापडावर, चिखलाच्या डोक्यावर, चालती गाडी पूजेसाठी उभी करील का? पण आम्ही बेंगळूरची माणसं. आयुधपूजेच्या दिवशी विमानाच्या चाकाखालीसुद्धा लिंबू ठेवू. मीही मूर्खासारखी म्हणाले, "थांब गं, प्रतिमा, दहा मिनिटांनी काय बिघडतंय?" आणि ती थांबली. बापानं हाक दिली तेव्हा तिचा पाय ब्रेकवर गेला, ह्यात तिची चूक मी काढणार नाही.

पूजा मात्र झोकात झाली. पोत्यावर सगळी हत्यारं मांडली: पाने, जॅक, पहार, फावडं, हवा भरायचा पंप. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल. चाकांपाशी लिंबं, बॉनेटला हार. अण्णानं नारळ फोडला, कोहळ्यात कुंकू भरून तो जीपवरून ओवाळला आणि आपटला. मी ताम्हनात निरांजन लावलं, आरती सुरू केली. मानसिंगही टाळ्या वाजवत होता. आरतीच्या तिसऱ्या कडव्याला मला वाटलं, माझी उंची वाढली की काय. बॉनेट खाली दिसत होतं.

जीप बसत होती. आवाज नाही, काही नाही. आम्ही देवाला आळवत होतो आणि ती शांतपणे चिखलात उतरत होती. आरती संपली तेव्हा पुढची दोन्ही चाकं अर्धी गडप झाली होती, आणि मागचीही त्याच वाटेला लागली होती.

प्रतिमानं उडी मारून आत बसून उलटा गिअर टाकला. चाकं जागच्या जागी फिरली, काळा चिखल माझ्या नव्या इरकलीवर उडाला, आणि जीप आणखी वीतभर खाली गेली. तिनं लगेच इंजिन बंद केलं.

"अय्यो," मी म्हणाले.

मानसिंग पाण्याकडं बघत होता. वारा फिरला होता. रणातलं पाणी असतं घोट्याएवढंच, पण वाऱ्याबरोबर ते सरकतं, ताट कललं की सार सरकतं तसं. ती चकचकीत कड आमच्या बाजूला येत होती. तो म्हणाला, पाणी इथवर आलं की पापड विरघळणार, मग जीप पुढच्या उन्हाळ्यापर्यंत इथंच. आपण चालत निघू, माणसं तर वाचतील. जीव कुणाचा जाणार नव्हता, गाव चालण्याच्या टप्प्यात होतं. जाणार होती ती जीप, आणि जीपबरोबर गॅरेज. आम्हां तिघांनाही ते कळत होतं.

अण्णाचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. तो पोत्याकडं वळला आणि वाकून जॅकला हात घालणार, तोच प्रतिमा आडवी आली.

"बेडा, आप्पाजी, नको. आज नवमी आहे."

"अगं, गाडी चाललीय!"

"पूजेला बसलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही. कुणाचा नियम?"

"माझा! मी केला, मीच मोडतो. देव माझ्याकडनं घेईल काय घ्यायचं ते."

"आणि उद्या तुम्हीच म्हणाल, नियम मोडला म्हणून गाडी निघाली. नाहीतर म्हणाल, बापानं जॅक लावला म्हणून निघाली." तिचा आवाज चढला. पहिल्यांदाच मी तिला बापावर ओरडताना ऐकलं. "तुम्ही कशाला हात लावणार नव्हता ना? मग लावू नका! जीप मी बांधलीय. बाहेरपण मीच काढते."

मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. चिखलात उभी होते, साडीचं पोतेरं झालं होतं, आणि मनात म्हणत होते, बोल गं बाई, बोल, वीस वर्षांचं बोलून घे.

पण ती कामाला लागली. तिनं जीपभोवती एक फेरी मारली, आणि मग माझ्या हातातल्या ताम्हनाकडं तिची नजर गेली.

"आत्या, हे हत्यार आहे का?"

"हे? हे देवाचं ताम्हन!"

"आण इकडं."

निरांजन तिनं माझ्या तळहातावर ठेवलं आणि ताम्हन घेऊन चाकामागचा चिखल उपसायला बसली. तांब्याचं जाड ताम्हन, माझ्या सासूच्या माहेरचं. फावड्याहून बरं चाललं. मी क्षणभर बघत राहिले, मग फोडलेल्या नारळाची करवंटी उचलली आणि दुसऱ्या चाकाशी बसले. मानसिंगला दुसरी करवंटी दिली. तो म्हणाला, "माताजी की इच्छा," आणि पागोटं काढून कामाला लागला. प्रतिमानं पूजेची पळी घेतली, तिच्या दांड्याच्या टोकानं चाकाच्या हवेचं तोंड दाबलं. फुस्स करून हवा जायला लागली. चारी चाकांतली अर्धीअधिक हवा तिनं सोडली. फुगीर चाकं पसरट झाली, चिखलावर जास्त जागा धरायला लागली.

त्या दिवशी असं झालं: हत्यारं पूजेला बसली होती आणि पूजेची भांडी कामाला लागली होती.

"आता चाकांखाली घालायला काहीतरी," प्रतिमा म्हणाली. मी माझी ट्रंक उघडली. आधी सतरंजी दिली, मग दोन गोधड्या, मग इरकली. निवृत्त झाले तेव्हा एक्स्चेंजमधल्या पोरींनी दिलेली मोरपिशी इरकल तेवढी हातात घुटमळली. मग तीही दिली. साडी काय, बाजारात मिळते.

अण्णा ह्या सगळ्या वेळात पोत्यापाशी उभा होता, हात पाठीमागं घट्ट बांधून. पाण्याची कड जीपच्या नाकापाशी आली. त्यानं तोंड उघडलं. मला वाटलं आता सल्ला देणार. पण तो प्रतिमाला म्हणाला, "मी काय करू, सांग."

गॅरेज निघाल्यापासून हे वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं.

"मागं उभे राहा, आपल्याच काळ्या रेघांच्या मधोमध. मला चिखलातनं मागचं दिसत नाही. तुमच्याकडं बघत मी मागं येते. चाक रेघेवरनं ढळलं तर हात करा. दुसरं काही नाही."

"सरी," अण्णा म्हणाला.

दुखऱ्या गुडघ्यांनी तो गेला आणि रेघांच्या मध्ये ताठ उभा राहिला. प्रतिमा आत बसली. मी आणि मानसिंगनं बॉनेटला खांदे लावले. घोट्यापाशी गार पाणी लागलं. इंजिन सुरू झालं. ती घाई करील असं मला वाटलं, पण नाही. सगळ्यात बारक्या गिअरमध्ये, इंजिन नुसतं गुरगुरत ठेवून, तिनं क्लच असा सोडला, जसा झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून हात काढावा. चाकांनी माझी सतरंजी धरली. मग गोधडी. जीप थरथरली, थांबली. तिनं जोर वाढवला नाही, तसाच धरून ठेवला. मोरपिशी इरकल चाकाखाली सर्रकन गेली आणि जीपनं 'चप्प' असा मोठा आवाज करून पाय उपसला.

मी तोंडावर पडले, पण कुणाला पर्वा होती! चिखलातूनच ओरडले, "आली! आली गं बाई, आली!"

जीप उलटी, हळूहळू, आपल्याच रेघांवरून मागं जात होती. अण्णा तिच्यासमोर पावलं मागं टाकत, हात डावा-उजवा करत चालला होता. कडक जमीन लागेपर्यंत ती थांबली नाही. मग थांबली, उतरली, आणि चाकाला टेकून खाली बसली. अण्णा तिच्यापाशी गेला. त्यानं खिशातला रुमाल काढून तिच्या तोंडावरचा चिखल पुसला, नाकावरचा, भुवयांवरचा, जसा ती लहान असताना पुसायचा.

मागं पूजेच्या जागी राहिलेली हत्यारं पोत्याची चार टोकं धरून, कुंकू न पुसता, आम्ही देवासारखी उचलून आणून जीपमध्ये ठेवली. आणि मानसिंगनं विचारलं, आता गावाकडं ना?

"पाणी बघायला आलोय," प्रतिमा म्हणाली. "नीट बघून जाऊ."

मग मऊ चाकांवर, लांबचा वळसा घालून, कुठंही न थांबता तिनं जीप एका खडकाळ उंचवट्यावर नेली. तिथून ते सगळं दिसलं. खाली, चहूकडं, पाणीच पाणी. आकाश कुठं संपलं ते कळेना. आणि त्या पाण्यात रोहित पक्षी, हजारोंनी, लांब पायांवर उभे. मानसिंग त्यांना सुरखाब म्हणाला. त्यानं जोरात टाळी वाजवली, तसा एक थवा उठला आणि पांढऱ्या पंखांच्या आतला गुलाबी रंग एकदम उघडला. मी रडले. उगाच कशाला लपवू, भरपूर रडले. प्रतिमा जीपच्या टपावर चढून दोन्ही हात वर करून ओरडत होती, शब्द काही नाहीत, नुसतं ओरडणं. इतकी मोकळी मी तिला कधी पाहिली नव्हती.

अण्णा पाण्याकडं बघत म्हणाला, "पासष्ट साली हे पाणी चढायला लागलं तशी आम्ही गाड्या सोडून पळालो, ठकू. मला वाटायचं, ह्याला जिंकणारी गाडी नाही." मग जीपच्या टपाकडं बघून म्हणाला, "गाडी नव्हतीच. चालवणारं पाहिजे होतं."

"हे तिला सांग," मी म्हणाले. "मला कशाला सांगतोस?"

दसऱ्याची सकाळ मानसिंगच्या अंगणात उजाडली. अंगणाबाहेर शमीचं झाड होतं. बेंगळुरात आम्ही त्याला बन्नी म्हणतो आणि दसऱ्याला त्याची पानं सोनं म्हणून वाटतो. आमच्या गॅरेजातली रीत अशी, की दसऱ्याला आधी सगळ्यांनी मालकाच्या हातात सोनं ठेवायचं, पाया पडायचं, मग पूजेतलं हत्यार मालकानं पहिल्यांदा उचलायचं. इतकी वर्षं तो मान आप्पाजीचा. प्रतिमा पदर खोचून पानं आणायला निघाली, तर अण्णा म्हणाला, "थांब."

तो स्वतः झाडापाशी गेला. काटे चुकवत त्यानं पानं खुडली, आणि परत येऊन तिच्यासमोर उभा राहिला. तिनं ओंजळ पुढं केली नाही, तिला कळलंच नाही काय चाललंय. त्यानं तिचा हात धरून त्यात पानं ठेवली. पानांवर गॅरेजच्या शटरची किल्ली ठेवली.

"बन्नी घे, बंगारासारखी राहा," तो म्हणाला, अर्धं कन्नड, अर्धं मराठी, जसं आम्ही घरी म्हणतो; बंगार म्हणजे सोनं.

"आप्पाजी, अजून माघारी जायचंय. अट तशी होती."

"जाऊ की. मालकीण नेईल."

प्रतिमा पाया पडायला वाकली, तसा त्यानं तिला दंडाला धरून उभं केलं. "आज नाही," म्हणाला. "हत्यार उचल. चाकांत हवा भरायचीय, उशीर होतोय."

तिनं पोत्यावरचा पंप उचलला, त्याचं कुंकू आपल्या कपाळाला लावलं आणि पहिल्या चाकाशी बसली. तेवढ्यात कुंपणावरून गावातला एक माणूस डोकावला. त्याचा ट्रॅक्टर बंद पडला होता, आणि बेंगळूरचा मिस्त्री आलाय असं त्याला कळलं होतं. तो सरळ आमच्या पांढऱ्या मिशांच्या अण्णाकडं गेला, हात जोडून म्हणाला, "उस्ताद, जरा चलोगे?"

अण्णा खाटेवर बसला, दुखरे पाय लांब केले, आणि बोट प्रतिमाकडं केलं.

"उस्ताद वो है," तो म्हणाला. "उनसे पूछो."